मठाच्या चढावरचं मीठ

गोठलेल्या वाटेवर मीठ पडलं की बारीक तडतड होते. हिमालयातल्या त्या मठात मी स्वयंपाकाला होतो. पहाटे चूल पेटवताना बाहेरून तो आवाज यायचा. बाकी पुष्कळ विसरलो, तो आवाज राहिला.

“मग माणसांनी पडावं का, महाराज?”

हातात मिठाचं फावडं घेऊन विश्वंभर विचारत होता. महाराजांचा सगळ्यात कामसू शिष्य. खाली मोटारींच्या सडकेवर बर्फ वितळवायला मीठ टाकत. ते पाहून त्यानं मठाच्या चढावर तेच सुरू केलं होतं. त्याआधी एका म्हाताऱ्या यात्रेकरूचं कंबरडं तिथं मोडलं होतं. मीठ आल्यापासून कुणी पडलं नव्हतं.

अच्युत महाराजांनी समोर पाहिलं.

तिथं देचेन उभी होती. वाटेच्या खालच्या अंगाला तिची जर्दाळूची झाडं. नवरा गेल्यावर तिचं पोट त्यांच्यावरच.

“घराकडच्या फांद्या फुलल्या, बाबा,” ती म्हणाली. “तुमच्या वाटेकडच्या नाही. गेल्या उन्हाळ्यात पानं कडेनं करपली, आता फांद्यांना डोळेच फुटत नाहीत. झाडं गेली तर मी शहरात जाईन, लोकांची भांडी घासायला.”

“थंडीनं करपली असतील,” विश्वंभर म्हणाला. “मीठ काय, पाण्यात विरघळतं नि जातं.”

“जातं...” महाराज म्हणाले. “कुठं जातं रे?”

“उतारानं. खाली.”

“खाली कोण आहे?”

विश्वंभरनं खाली झाडांकडे पाहिलं.

महाराज उतरून झाडाच्या बुडाशी बसले. माती पापडासारखी कडक, वर पांढरी झाक. त्यांनी कमंडलू तिथं ओतला. पाणी आत जाईना. तसंच वर राहिलं...

ते झाडाच्या खोडावर हात ठेवून बसले. आजाऱ्याच्या पाठीवर ठेवतात तसा.

मग चिमूटभर माती जिभेवर घेतली. चिमूटभर विश्वंभरला दिली. त्यानं चाखली, तोंड वाकडं केलं, पण मान वरच.

“खारट आहे. कबूल. पण माणूस मोठा की झाड?”

“तू सांग.”

“माणूस!”

महाराजांनी देचेनकडे बोट केलं. “आणि ही?”

विश्वंभरचे कान लाल झाले. “मग काय करू? पडा म्हणून सांगू लोकांना?”

महाराज उठून वर मठात गेले. आले ते घमेलं भरून धुनीची राख घेऊन.

ती राख विश्वंभर स्वतः फडक्यातून गाळायचा, यात्रेकरूंच्या कपाळाला लावायचा. मला तिला हात लावू द्यायचा नाही. म्हणायचा, “तुझे हात कांद्याचे.”

महाराजांनी मूठ भरली आणि रात्रीत पुन्हा गोठलेल्या बर्फावर फेकली. मग दुसरी. चढभर.

“या, बाई.”

देचेन वाकून बूट काढायला लागली.

“राहू द्या. बुटानंच या.”

ती चढली. पाय कुठंच सरकला नाही.

“महाराज!” विश्वंभरचा आवाज फुटला. “ही विभूती आहे. लोक कपाळाला लावतात. आणि तुम्ही पायाखाली...”

“कपाळ घसरत नाही, विश्वंभर.”

 विश्वंभरनं फावडं भिंतीला टेकवलं, महाराजांच्या हातातलं रिकामं घमेलं घेतलं आणि धुनीकडे निघून गेला.