परसात लावलेले सैन्य

एका राज्यात, जिथे डोंगर संपतात आणि नदी पहिल्यांदा सपाटीवर येते तिथे, अजितसेन नावाचा राजा होता. शूर होता, उदार होता. पण जमिनीखाली गाडलेल्या धनाची त्याला भारी ओढ. कुठे हंडा पुरला आहे असे कानावर आले की त्याला अन्न गोड लागत नसे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून जो निघाला, तो सगळे सैन्य घेऊन थेट काळ्या रानात शिरला. त्या रानात धूम्रकेश नावाचा जादूगार एका शापित खजिन्यावर पहारा करी.

दिवाळी आली, गेली. एकही माणूस परतला नाही.

मग एका सकाळी राणी कमळजेच्या अंगणात एक भारद्वाज उतरला. लाल डोळ्यांनी त्याने तिच्याकडे पाहिले आणि तो माणसासारखा बोलला.

"राणी, तुझा राजा जिवंत आहे. सैन्यही जिवंत आहे. पण त्यांना पाय नाहीत आणि तोंड नाही. न्यायला ये."

"कुठे?"

"माझ्यामागून."

राणी निघाली. ज्यांची माणसे गेली होती त्या बायका, ती म्हातारी माणसेही टोपल्या घेऊन निघाली. पक्षी झुडपाझुडपातून पुढे, राणी मागे, नगर तिच्या मागे.

धूम्रकेश आपल्या गुहेच्या तोंडाशी बसला होता. त्याच्यासमोर भुईचाफ्याच्या कंदांचा ढीग होता. सगळे सारखे, मातकट, मुठीएवढे.

"जमिनीखालचे उकरायला आले होते," तो म्हणाला. "आता जमिनीखालचे झाले आहेत."

"यांत राजा कोणता?"

"मलाही ठाऊक नाही. शाप देताना मी चेहरे पाहिले नाहीत."

"उतारा सांगा."

"चार अटी आहेत. यांना राजबागेत लावायचे नाही, घरच्या परसात लावायचे. पाणी चाकराकडून नाही, आपल्या हाताने घालायचे. कुणी निवडून घ्यायचे नाही, डोळे मिटून हाताला येईल तो न्यायचा. आणि उमलेपर्यंत उकरून पाहायचे नाही. जो उकरला तो वाळेल, आणि आतला माणूसही."

"किती दिवस थांबायचे?"

"ते कंदांना विचार," धूम्रकेश म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

राजवाड्याच्या दारात टोपल्या ठेवल्या गेल्या. एकेकाने डोळे मिटून हात घातला आणि कंद पदरात, धोतराच्या सोग्यात बांधून घरी नेला. राणीने शेवटी घेतला. तिच्याकडे माळ्यांनी राखलेली मोठी बाग होती, पण परस नव्हते. मुदपाकखान्यामागे, हात धुतात त्या दगडाशेजारी, तिने स्वतः वाफा केला. पहिल्यांदा कुदळ हाती धरली होती. तळहाताला फोड आले.

थंडी पडली. नगरात कुणी मोठ्याने रडत नव्हते, पण परसापरसात बोलणे चाले. एक नवी नवरी रोज सांजवेळी वाफ्याशी बसून आज कालवण काय केले ते सांगे. एका आईने मातीवर आपली घोंगडी पांघरली. एक बाई नुसती भांडत असे: जाऊ नका म्हटले होते, ऐकले का? मातीखाली कोण आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते. तरी ज्याला त्याला वाटे, आपलाच आहे. राणीलाही वाटे. पाणी घालताना ती हळूच 'महाराज' म्हणे आणि मग स्वतःशीच ओशाळे.

हरभरा निघाला. आंब्याला मोहोर आला. पळस पेटला. परसातली माती मात्र जशीच्या तशी, एक हिरवा ठिपका नाही.

शिमगा झाल्यावर एका दुपारी सिदोजी लोहार राजवाड्यात आला. त्याचा एकुलता एक मुलगा रायाजी सैन्यात होता. सिदोजीच्या ओंजळीत कंद होता, वरची साल सुरकुतलेली.

"बाईसाहेब, मी उकरला," तो म्हणाला. "कुजला की काय, एवढेच पाहायचे होते. हाताला ऊब लागली. आणि मग तो गार पडत चालला."

बातमी गल्लीगल्लीतून धावली. बायका जमल्या. कुणी सिदोजीला बोल लावला नाही. ज्यांनी मनात उकरले होते त्या पुष्कळ होत्या.

विहिरीच्या काठावरून भारद्वाज बोलला. "अजून एक वाट आहे. जिथे दुसरा कंद रुजला आहे, तिथे त्याच्या कुशीला हा लावा. जगले तर दोघेही जगतील. मेले तर दोघेही मरतील."

कुणी मान वर केली नाही. नवरीने पदर घट्ट धरला.

राणीने हात पुढे केला. "द्या, बाबा."

सिदोजी मागे सरला. "आपल्या वाफ्यात महाराज असतील."

"असतील. आणि तुमच्या हातात रायाजी असेल. किंवा दोन्ही ठिकाणी तिसराच कुणी असेल. द्या."

ती वाफ्याशी बसली. कुदळ घेतली नाही, बोटांनीच माती बाजूला केली. आधीच्या कंदाला धक्का लागू नये म्हणून ती श्वास रोखून होती. मग माती सारून तिने ओंजळभर पाणी घातले. दुसऱ्या दिवशी पाहते तो घराघरातून बायका तांबे घेऊन आलेल्या.

"पुरे करा," राणी म्हणाली. "कुजतील ते."

त्या दिवशी दसऱ्यानंतर पहिल्यांदाच राजवाड्यात कुणीतरी हसले.

पाडवा आला. गुढ्या थोड्याच उभ्या राहिल्या. आणि पाडव्यानंतर एका पहाटे सारे नगर वासाने जागे झाले. परसापरसात कोरडी भुई फुटली होती. पान नाही, देठ दिसत नाही, मातीतूनच फुले वर आली होती, पांढरी, आत जांभळ्या जिभेची. उन्हाचा पहिला कवडसा ज्या फुलावर पडला, तिथे माणूस उभा राहिला.

मग एकच धांदल उडाली. नवरीच्या परसात पांढऱ्या मिशांचे सेनापती उभे. तिने डोक्यावर पदर घेतला आणि त्यांना पाणी दिले. भांडणाऱ्या बाईच्या वाफ्यातून एक पोरसवदा भालदार निघाला, ती त्याला तसेच बोलत राहिली आणि बोलता बोलता त्याच्या केसांतली माती झटकत राहिली. गल्ल्या भरून गेल्या. जो तो दुसऱ्याच्या माणसाला हाताला धरून त्याच्या घरी पोचवत होता.

राणीच्या वाफ्यात दोन फुले होती, एक मोठे आणि एक लहान, वाकडे. मोठ्यातून एक तरुण माहूत निघाला. लहानातून बऱ्याच वेळाने एक मशालजी उठला. त्याचा डावा हात मनगटापासून वाळलेला होता.

सिदोजी पुढे झाला. "मी तुम्हाला उकरले," तो म्हणाला.

मशालजीने आठवून पाहिले. "गार वाटले होते खरे. पण मग कुणाची तरी पाठ लागली, उबदार. तिच्या आधाराने राहिलो."

माहूत त्याच्याजवळ सरकला. त्याने मशालजीला खांदा दिला. तेवढ्यात वेशीकडून रायाजीची हाक आली आणि सिदोजी या वयात धावत सुटला.

भारद्वाजाने शेवटचे सांगितले: काळ्या रानातले हंडे सकाळीच मातीत विरले, शाप फिटला आणि धूम्रकेश पहाऱ्यातून सुटून उत्तरेला चालू लागला. एवढे सांगून तो झुडपात शिरला. पुन्हा तो माणसासारखा बोलला नाही.

राजा दुपारी आला, पायी. वेशीबाहेरच्या एका विधवेच्या परसात तो उमलला होता. तिने त्याला आंबील पाजली होती आणि नवऱ्याचे जुने धोतर नेसायला दिले होते. सारे नगर ओलांडून, दारोदारची गर्दी पाहत तो मुदपाकखान्यामागे आला. राणी वाफ्याशी बसली होती. तो शेजारी खाली बसला.

"मी कुठे आहे हे तुला ठाऊक होते?" त्याने विचारले.

"नव्हते."

"मग इतके दिवस कुणाला पाणी घातलेस?"

राणीने हात धुतले. "जो होता त्याला," ती म्हणाली.

राजा उठला. मग त्याने रिकामा तांब्या उचलला आणि तो भरून आणायला स्वतः विहिरीवर गेला.

त्यांच्या परसात जसे उमलले, तसे ऐकणाऱ्यांच्या परसात उमलो, आणि सांगणाऱ्याच्याही.