पाकोळीचं उरलेलं अंडं

समुद्राकाठी एक माड होता. माडाला एक झावळी होती. झावळीखाली पाकोळीचं घरटं होतं. पिसांचं घरटं, थुंकीनं चिकटवलेलं. घरट्यात दोन अंडी होती.

झावळी टोकाला तपकिरी झाली. मग वाळू लागली. मग वाकली. कर्र.

टप्प. एक अंडं खाली पडलं. फुटलं.

पाकोळी रडली नाही. रडायला वेळच नव्हता.

पाकोळीचे पाय इवलेसे. तिला जमिनीवर बसता येत नाही. ती उडत उडतच बोलते. भिर्र भिर्र.

"माडा, माडा, झावळी धर. माझं एकच अंडं उरलंय."

माड म्हणाला, "माझी मुळं सुकली. आधी पाट पाणी देऊ दे. मग मी झावळी धरीन."

भिर्र भिर्र. पाकोळी गेली पाटाकडे. विहिरीचं पाणी पाटातून बागेत जायचं.

"पाटा, पाटा, पाणी दे. माड झावळी धरेना. माझं एकच अंडं उरलंय."

पाट म्हणाला, "पाणी आहे. पण ते साठेल कुठे? माडाभोवती गोल आळं होतं, ते बुजलंय. आधी माती मोकळी होऊ दे. मग मी पाणी देईन."

कर्र. झावळी आणखी वाकली.

भिर्र भिर्र. पाकोळी गेली मातीकडे.

"मातीबाई, मातीबाई, मोकळी हो. पाट पाणी देईना. माड झावळी धरेना. माझं एकच अंडं उरलंय."

माती म्हणाली, "मला चोपून चोपून घट्ट केलंय. वरून शेणाने सारवलंय. आधी कुदळ खणू दे. मग मी मोकळी होईन."

भिर्र भिर्र. कुदळ पडवीत होती. गंजलेली.

"कुदळीताई, कुदळीताई, खण. माती मोकळी होईना. पाट पाणी देईना. माड झावळी धरेना. माझं एकच अंडं उरलंय."

कुदळ म्हणाली, "मी काय आपली आपण चालते? आधी दाजीबा उठू देत. मग मी खणीन."

कर्र. झावळी अर्धी तपकिरी झाली.

दाजीबा माडाचे धनी. लेकीच्या लग्नात त्यांनी माडाचं आळं बुजवलं. अंगण चोपून सपाट खळं केलं. त्यावर वऱ्हाड जेवलं. लेक सासरी गेली. दाजीबा रोज ते खळं बघत बसायचे. वर माडाकडे बघायचेच नाहीत.

"दाजीबा, दाजीबा, उठा. कुदळ खणेना. माती मोकळी होईना. पाट पाणी देईना. माड झावळी धरेना. माझं एकच अंडं उरलंय."

दाजीबा म्हणाले, "याच खळ्यावर माझी केशर नवरी झाली. ते मी कसं खणू? आधी केशर सांगू दे. मग मी उठेन."

भिर्र भिर्र. पाकोळी गेली खाडीपलीकडे.

"केशरताई, केशरताई, सांग ग. दाजीबा उठेनात. कुदळ खणेना. माती मोकळी होईना. पाट पाणी देईना. माड झावळी धरेना. माझं एकच अंडं उरलंय."

केशर नाही म्हणाली नाही. होडीत बसली. घरी आली. तिने वर पाहिलं.

"बाबा, खळं पुढच्या वर्षी पुन्हा होईल. माड मेला, तर पुन्हा होणार नाही."

केशरने सांगितलं. दाजीबा उठले. कुदळीने खणलं, खण् खण्. माती मोकळी झाली, भुस् भुस्. पाटाने पाणी दिलं, झुळ् झुळ्. माड प्यायला, गट् गट्. केशरने आळ्यात वाळका पाला अंथरला. ओल टिकायला हवी ना.

आणि माडाने झावळी धरली.

झावळी हिरवी झाली नाही. वाळलेली झावळी कधीच हिरवी होत नाही. दाजीबा कोयता घेऊन आले. केशरने त्यांचा हात धरला. ती म्हणाली, घरटं आहे, थांबा.

माडाने झावळी धरून ठेवली. एक दिवस. दोन दिवस. खूप खूप दिवस.

टिच्. अंड्यातून पिल्लू आलं. पिल्लाला पंख आले. पिल्लू उडालं, भिर्र.

मग माडाने झावळी सोडली. धप्प.

माडाच्या शेंड्यातून नवी झावळी आली. हिरवीगार. पाकोळीने तिच्याखाली एक पीस चिकटवलं.

पिल्लू गेलं आभाळात, गोष्ट राहिली कानात.