पगडी घेणारा

दादा परगावी वारला. तिथल्या गुरुद्वाऱ्यात वडीलधाऱ्यांनी त्याची पगडी माझ्या डोक्यावर बांधली. नांदेडला अंथरुणावर पडलेल्या आईला ती दाखवायची, म्हणून मी विमानतळ गाठला.

तपासणीचे साहेब गुरगुरले, "पगडी काढ, ट्रेमध्ये ठेव. इथं माझा नियम चालतो."

माझी मूठ वळली. पण भांडलो असतो तर विमान गेलं असतं.

मी म्हटलं, "साहेब, आमच्यात गेलेल्याची पगडी जो घेतो, तो त्याचं घर सांभाळतो. ट्रे काय सांभाळणार? तुम्हीच घ्या. अंथरुणावरची आई आणि दादाच्या दोन लहान लेकी आजपासून तुमच्याकडे."

साहेबांचा हात मागे गेला. त्यांनी तपासणीचं यंत्र पगडीभोवती फिरवलं आणि मला जाऊ दिलं.

खरं सांगतो, त्यांनी हात पुढे केला असता, तर मी ती देऊन टाकली असती.