थोरला कंद

नदीकाठच्या एका गावी एक वयोवृद्ध सत्पुरुष राहत असत. गाव त्यांना आबा म्हणे. श्रीपती नावाचा एक प्रौढ शिष्य त्यांच्याकडे नित्य वाचनास येई. माघात त्याची आई निवर्तली. चैत्र लागताच तो तिची निशिगंधाची कुंडी उचलून आबांकडे आला.

"आबा, तिने लावलेले एवढेच उरले आहे. जुना, एकेरी, सुवासाचा वाण. गेल्या वर्षी एकच दांडा आला. हा कायम फुलत राहावा, असे काही करा."

आबांनी कुंडी उपडी केली, माती झटकली आणि तो गड्डा अंगठ्यांनी फोडला. मधला थोरला, सुरकुतलेला कंद त्यांनी खताच्या खड्ड्यात टाकला. कडेच्या कंदांपैकी ओंजळभर शेजारच्या गोदाक्कांच्या पदरात घातले.

"मला कशाला?" गोदाक्का म्हणाल्या. "माझ्या कोंबड्या देवाची तुळससुद्धा ठेवत नाहीत."

"मग कोंबड्यांना सांगून लावा."

उरलेले कंद आबांनी श्रीपतीपुढे धरले. त्याने ते घेतले नाहीत.

"आईच्या हातचा तेवढा एक होता, आबा. तोच तुम्ही टाकलात."

त्याने खड्ड्यातून थोरला कंद काढला, उपरण्यात गुंडाळला आणि तो निघून गेला. त्याचे वाचनास येणेही थांबले.

घरी तो त्या कंदाला दोन्ही वेळ पाणी घाली. आषाढात कुंडीतून कुजका दर्प येऊ लागला. उकरून पाहिले, तो हाती केवळ चिखल आला.

श्रावणातील एका सायंकाळी गोदाक्का फुलांनी भरलेला दांडा घेऊन त्याच्या दारी उभ्या राहिल्या.

"घे. तुझ्या आईचंच आहे. तीन दांडे आलेत. कोंबड्या यंदा बऱ्या वागल्या."

दिवेलागणीला आई जवळून गेली की येई, तोच तो सुवास. दांडा तसाच हाती घेऊन श्रीपती आबांकडे गेला.

"मी जपला तो कुजला. तुम्ही गोदाक्कांना दिले ते फुलले. असे का, आबा?"

"बाबा रे, निशिगंधाचा कंद एकदाच फुलतो. मग तो आपले सारे सत्त्व कडेच्या कंदांना देऊन रिता होतो. ते त्याला बिलगून दाटीत राहिले, तर त्यांनाही फुलता येत नाही. तुझ्या आईपाशी होते ते तिने केव्हाच देऊन टाकले होते. तू मात्र तिला रित्या कंदात शोधत बसलास." आबा उठून उभे राहिले. "हे त्याच दिवशी सांगावयास हवे होते. पण त्या दिवशी तुला ते ऐकू आले नसते."

ते त्याला परसात घेऊन गेले. काटक्यांच्या कुंपणाआड कोवळ्या हिरव्या पात्यांची एक ओळ उभी होती.

"हा तुझा वाटा, तू नाकारलेला. कंद बारीक होते. पुढल्या वर्षी फुलतील."

श्रीपती खाली बसला आणि पात्यांमधील तण उपटू लागला. निम्मी ओळ झाल्यावर म्हणाला, "दाटी झाली की मी फोडीन, आबा."

"आणि त्यातला थोरला?"

"याच वाफ्यात पुरीन. खत होईल."

आबांनी मान डोलावली आणि दुसऱ्या टोकाचे तण काढावयास घेतले.