संध्याकाळी अगस्त्य शोधणारी कोल्हीण

मुलांनो, एका डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याकाठच्या जंगलात एक तरुण कोल्हीण राहत असे. तिच्यासारखी संशयी त्या रानात दुसरी कुणी नव्हती. कुणी सहज "बरी आहेस ना?" म्हणून विचारलं, तरी हिच्या मनात यायचं, आपण आजारी पडावं असं याला का बरं वाटतंय? आजवर आई उठ म्हणाली की उठायचं आणि चल म्हणाली की निघायचं, एवढंच तिला ठाऊक. यंदा मात्र ती एकटी होती. करंजाच्या मुळांखाली तिने स्वतःच्या पंजांनी एक सुरेख बीळ खणलं होतं. थंडी सरताना तिला पहिली पिल्लं व्हायची होती, ती त्याच उबेत वाढवायची असं तिने ठरवून टाकलं होतं. त्या बिळावर तिचा भारी जीव.

आता पावसाळ्यात ओढा फुगला की पायथ्याची सगळी बिळं पाण्यात जात. म्हणून जंगलाचा एक रिवाज होता. दक्षिणेला खाली अगस्त्य नावाचा ठळक तारा दिसतो ना, तो वैशाखात संध्याकाळचा दिसेनासा झाला, की सगळ्यांनी वरच्या गुहेत जायचं. तो पुन्हा दिसला की आपापल्या बिळात परतायचं. त्यानंतर महिनाभर जे बीळ रिकामं राहील, ते ज्याला हवं त्याने घ्यावं. ताऱ्यावर नजर ठेवायचं काम टिटवीचं. वैशाखात तिने सांगितलं तेव्हा कोल्हिणीने स्वतः दोन-चार संध्याकाळी कड्यावर बसून खात्री करून घेतली, आणि मगच ती गुहेत गेली. गेली आणि सगळ्यांत कोरडा कोपरा पटकावून बसली.

श्रावण संपता संपता एकदा रात्रभर उघडीप मिळाली. उजाडताच टिटवी सांगत आली की अगस्त्य उगवला, चला खाली. कोल्हिणीने कान टवकारले. काल संध्याकाळीच तर तिने डोळे फाडफाडून पाहिलं होतं, दक्षिणेला ताऱ्याचा मागमूस नव्हता. मग टिटवीला तो दिसला कुठून? टिटवी म्हणाली, "तो आत्ता पहाटेचा दिसतो गं. उद्या माझ्याबरोबर कड्यावर चल, दाखवते."

झालं. पहाटेच का? अंधारात कड्याच्या टोकावरच का? हिला नक्की माझा कोरडा कोपरा हवा असणार. जो तारा संध्याकाळी हरवला, तो संध्याकाळीच सापडायला हवा, हे तिचं पक्कं गणित. पहाटे ती पाय पोटाशी घेऊन झोपून राहिली. बाकीचे एकेक करून खाली गेले, तेव्हा तिला वाटलं, म्हणजे सगळेच सामील आहेत! पुढे ससा मुद्दाम वर येऊन सांगून गेला की ओढा ओसरला, पाणी नितळ झालं, आता ये. याला एवढी काळजी कशाला, कुठेतरी पाणी मुरतंय, असं म्हणून तिने त्यालाही वाटेला लावलं. रोज संध्याकाळी मात्र ती नेमाने दक्षिणेकडे तोंड करून बसायची. काय म्हणावं या चिकाटीला!

थंडी कडाक्याची पडली. पोट जड झालं. आणि पौष सरताना एका संध्याकाळी, अंधार पडतो न पडतो तोच, दक्षिणेला अगस्त्य झळकला. कोल्हिणीला असा काही आनंद झाला म्हणता! अखेर आपणच खऱ्या ठरलो, आपल्याला कुणी फसवू शकलं नाही, अशा तोऱ्यात ती डोंगर उतरली. करंजाखाली येऊन पाहते तो बिळात साळिंदरीण, आणि तिच्या कुशीत दोन पिल्लं.

कोल्हीण संतापली. तारा आज उगवला आणि आजच बीळ बळकावलं, हा कट आहे, असं ती सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. साळिंदरीण काटे न फुलवता, शांतपणे म्हणाली, "बाई, तारा श्रावणाच्या अखेरीपासून वर आहे. आधी पहाटे उगवायचा, मग मध्यरात्री, रोज थोडा थोडा लवकर. तुझ्या वेळेला तो आज आला. मी कितीतरी दिवस तुझी वाट पाहिली, मगच आत आले."

कोल्हिणीला रडूच कोसळलं. टिटवी तिथेच वाळूत उभी होती. कोल्हीण तिला म्हणाली, "मला जरा जोर देऊन सांगायचं तरी होतंस. माझा विश्वास बसला असता."

"विश्वास ठेव असं मी म्हटलंच नव्हतं," टिटवी म्हणाली. "माझं खोटं पकडायला म्हणून तरी एखाद्या पहाटे यायचं होतंस."

जड पोटाने, एकेक पाऊल टाकत कोल्हीण गार वाऱ्याच्या त्या गुहेकडे परत निघाली. कोरडा कोपरा तिथे तिचाच होता. त्यावर कुणाचाही डोळा नव्हता.

तात्पर्य : संशय जरूर घ्यावा, पण समोरचा ज्या वेळी आणि जिथून पाहतो, तिथून एकदा पाहिल्यावाचून त्याला खोटं ठरवू नये.