काजळ लावलेली मिशी

एका गावात एक नाटक कंपनी मुक्कामाला होती, आणि त्या कंपनीत एक राजा होता. राजा म्हणजे पडदा वर असेपर्यंत राजा. पडदा खाली आला की तो विश्वासराव. नाव विश्वासराव खरे, पण विश्वास होता तो नावापुरताच. पाणी पिण्याआधी तो पेला उलटा करून पाही. कोणी वाकून नमस्कार केला, की याचे आपल्याकडे काय काम असेल, याच विचारात त्याचा दिवस जाई.

राजाचे काम त्याला नुकतेच मिळाले होते. आधी ते काम नारोपंत करत. पुढे त्यांचे गुडघे दुखू लागले, तेव्हा त्यांनी आपण होऊन मुकुट उतरवला आणि त्याच नाटकातल्या ऋषीची दाढी लावली. एवढेच नव्हे, तर विश्वासरावाला हाताशी धरून सगळे काम शिकवले. राजाला बोलता बोलता सारखा मिशीला पीळ द्यावा लागे. नारोपंत म्हणाले, "पीळ मिशीला नाही, हवेला द्यायचा. बोटं मिशीपासून जरा लांब फिरवा. बघणाऱ्याला वाटतं, राजानं मिशी पिळली."

विश्वासराव शिकला सगळे. पण आपण होऊन गादी कोण सोडते, हे काही त्याला पटले नाही.

पडद्यामागे म्हादबा नावाचा माणूस होता. नटांची तोंडे रंगवायची आणि दाढ्यामिशा चिकटवायच्या, हे त्याचे काम. प्रेक्षकांनी त्याला कधी पाहिले नव्हते आणि त्यालाही त्याची हौस नव्हती. मिशी चिकटवून झाली की तो दरवेळी एकच वाक्य बोले, "लागली. आता तिला शिवू नगा, राव."

एका प्रयोगाला जीव घेणारा उकाडा होता. दिव्यांची आच, अंगावर जरीचा अंगरखा, आणि घाम तर असा, की राजा नुकताच विहिरीतून निघाल्यासारखा दिसत होता. भर दरबारात त्याच्या मिशीचे एक टोक सुटले आणि ओठावर लोंबू लागले. लोक पोट धरधरून हसले. दुसऱ्या दिवशी न्हाव्याने वस्तऱ्याला धार लावता लावता विचारले, "राव, आज मिशी घरीच ठेवून आलात?"

घाम सगळ्यांनाच येतो, आणि घामाने गोंद सुटतो. पण एवढी साधी गोष्ट विश्वासरावाला कशी पटावी? त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. नारोपंतांची मिशी कधी पडली नाही. मग माझीच कशी पडली?

त्या दिवसापासून तो आरशातून म्हादबाच्या हातांवर पाळत ठेवू लागला. पापणी लवू देईना. आणि रंगमंचावर गेल्यावरही त्याला चैन पडेना. विंगेत उभा असला की मिशी चाचपून बघ, सिंहासनावर बसताना हळूच दाबून बघ, प्रेक्षकांकडे पाठ झाली की दोन बोटांनी ओढून बघ. आहे ना? आहे. खरंच आहे ना? हात जाई आणि येई, त्याचे त्यालाही कळत नसे. ओला गोंद असा घडोघडी हलवल्यावर धरणार कसा? मिशी पुन्हा सुटली. झाले! आता तर त्याची खात्रीच पटली.

एकदा संशय मनात शिरला, की चांगुलपणाही गुन्हा दिसू लागतो. म्हादबाने बिचाऱ्याने गोंद बदलून पाहिला, तर विश्वासराव मनात म्हणाला, 'आधीचा खराब होता हे याला ठाऊकच होतं तर!' म्हादबा काळजीने विंगेत उभा राहून त्याच्या तोंडाकडे बघत राही. विश्वासरावाला वाटे, मिशी कधी पडते याची हा वाट बघतोय. म्हादबा आणि नारोपंत एका चंचीतली तंबाखू मळत बसले, की त्याचा जीव खालीवर होई. ते बोलत असत नारोपंतांच्या गुडघ्याबद्दल. पण विश्वासरावाला त्यात काळेबेरे दिसे. आणि ते रोजचे वाक्य! 'शिवू नगा' म्हणे. का शिवू नको? पेटी उघडू नका, असे चोरच सांगतो.

मनातली गोष्ट मनात राहिली असती, तरी चालले असते. पण विश्वासरावाने पानवाल्यापाशी उभे राहून सांगितले, "आमच्या कंपनीत घरभेदी आहे. माझी मिशी पाडणारा हात मी एक दिवस या गावाला दाखवीनच." कोणाचा हात, हे त्याने मान हलवून आणि डोळे मिचकावून सांगितले. गावाला तेवढे पुरे झाले. म्हादबा बाजारात निघाला की पोरे मागून ओरडू लागली, "मिशीचोर! मिशीचोर!" जन्मात कोणाची काडी न चोरलेला तो माणूस खाली मान घालून चाले. पुढे पुढे त्याने बाजारात जाणेच सोडले.

कंपनीच्या मालकीणबाईंना सगळे वहिनी म्हणत. मालक वारल्यावर त्यांनीच कंपनी सांभाळली होती. बाई बोलायला तिखट, पण न्यायाच्या पक्क्या. विश्वासराव त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, "वहिनी, या कंपनीत एक तर म्हादबा राहील, नाही तर मी."

"काय केलं त्यानं?"

"माझी मिशी पाडतो. नारोपंतांना गादी परत हवीय, आणि हा त्यांचा माणूस."

"पाहिलंत तुम्ही?"

"पाहिलं नाही. पण कळतं."

वहिनी म्हणाल्या, "मला असं कळत नाही, विश्वासराव. मला दिसावं लागतं. आजच्या प्रयोगाला चोर पकडून द्या. उद्या म्हादबाला निरोप देते. गेला तर जाईल बिचारा. मिशीचोर म्हटल्यावर दुसरी कुठली कंपनी त्याला दारात उभी करते, ते बघू."

विश्वासरावाला तेच हवे होते. त्याने एक युक्ती काढली. दिव्यावरची काजळी खरवडून तेलात खलली आणि डबीत लपवून ठेवली. प्रयोगाआधी म्हादबाने मिशी चिकटवली आणि नेहमीसारखा म्हणाला, "लागली. आता तिला शिवू नगा, राव." मग तो नारोपंतांची दाढी लावायला वळला. तेवढ्यात विश्वासरावाने कुंचल्याने ते काजळ मिशीवरून अलगद फिरवले. काळ्या केसांवर काळे काजळ, कोणाला दिसणार? मग त्याने रिठ्याने हात खसाखसा धुतले आणि दिव्याजवळ धरून उलटेसुलटे करून पाहिले. अगदी निर्मळ! आता मिशीला जो शिवेल, त्याचा हात काळा होणार. मग त्याने सगळ्यांना बजावले, "आज माझ्या मिशीला कोणी हात लावायचा नाही." म्हादबा नुसता हो म्हणाला.

नाटक सुरू झाले. राजाने शुभ्र शेला पांघरला होता. बोलता बोलता तो छाती ठोकी आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून इकडे बघे, तिकडे बघे. कपडे सांभाळणारा शेल्याला टाचणी लावायला आला, तेव्हा त्याची बोटे कुठे जातात, ते बघे. थोड्या वेळाने पुढे बसलेली पोरे खुसखुसू लागली. बायकांनी तोंडाला पदर लावले. विश्वासरावाला वाटले, मिशी सुटली की काय? त्याने पाठ फिरवली आणि चाचपली. होती जागेवर. तो वळला, तर हसू आणखी वाढले. त्याने परत दाबून पाहिली. लोक मिशीला हसत नव्हते, दुसऱ्याच कशाला तरी हसत होते. पण ते विचारणार कोणाला?

मग आला शपथेचा प्रवेश. नाटकातला राजा मोठा सत्यवचनी. भर दरबारात ऋषीसमोर छाती ठोकून तो गरजायचा, "दिला शब्द मोडला, तर ही मिशी उतरवून ठेवीन!"

विश्वासराव गरजला. मिशी उतरली.

ती सरळ ऋषीच्या पायाशी जाऊन पडली. मग नारोपंतांनी काठीच्या टोकाने ती उचलली, उंच धरली आणि म्हणाले, "राजा, शब्द मोडण्याआधीच उतरवलीस? असा सत्यवचनी या ऋषीनं आजवर पाहिला नाही!" लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि पडदा पडला. बुडणारा प्रयोग नारोपंतांनी वाचवला होता. पण विश्वासरावाच्या मनात काय आले? यांचे उत्तर तयारच होते! म्हणजे मिशी पडणार हे यांना आधीच ठाऊक होते!

तो तरातरा विंगेत आला. समोर म्हादबा दुसरी मिशी घेऊन उभा होता.

"ही बघा, ही बघा! पडणार हे माहीत नसतं, तर दुसरी तयार कशी?"

"पहिल्यांदा पडली, त्या दिसापास्नं रोज खिशात ठेवतोय, राव. तुमचीच फजिती हुईल म्हून."

"गप्प! जागचं कोणी हलायचं नाही. हात दाखवा सगळ्यांनी!"

सगळ्यांनी हात पुढे केले. वहिनींनीसुद्धा केले. कपडे सांभाळणाऱ्याचे हात स्वच्छ होते, नारोपंतांचे स्वच्छ होते. म्हादबाने हातातली मिशी पेटीवर ठेवली आणि दोन्ही पंजे उघडे केले. त्यांना गोंद होता, पांढरी पावडर होती. काळा ठिपकाही नव्हता.

विश्वासरावाचा तोल सुटला. "धुतले असतील! यानंच धुतले असतील!" असे ओरडत त्याने म्हादबाच्या तोंडासमोर बोट रोखले.

सगळे त्या बोटाकडे बघू लागले. ते बोट काळे होते.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "विश्वासराव, हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

त्याने बोट आपल्याकडे वळवून पाहिले. मग दुसरे पाहिले, मग अख्खा पंजा पाहिला. मान खाली घातली, तर शुभ्र शेल्यावर जिथे जिथे त्याने छाती ठोकली होती, तिथे तिथे त्याचीच पाच बोटे उमटली होती. लोक कशाला हसत होते, ते आता कळले. त्याला इतकी लाज वाटली, की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले.

"बोला, निरोप कुणाला देऊ?" वहिनींनी विचारले.

म्हादबाने मिशीला गोंद लावला, ती विश्वासरावाच्या ओठावर बसवली आणि अंगठ्याने दाबून धरली. म्हणाला, "मिशी काय, म्या दुसरी लावीन, राव. पर गावात माझ्या नावाला काळं लागलंय, ते कोन पुसनार?" आणि सवयीने पुढे म्हणाला, "लागली. आता तिला शिवू नगा."

शेवटच्या अंकात राजाने दोन्ही हात सिंहासनावर घट्ट धरून ठेवले. मिशी तसूभर हलली नाही. नाटक संपले, तेव्हा तो पडद्यापुढे आला आणि त्याने काळे पंजे लोकांसमोर धरले.

"मंडळी, माझी मिशी पाडणारा हात तुम्हाला दाखवीन, असं मी म्हणालो होतो. हा बघा तो हात. माझाच आहे. म्हादबावर मी खोटा आळ घेतला."

कोणी हसले नाही. मागून न्हावी ओरडला, "म्हादबाला बाहेर बोलवा!" वहिनी त्याला बोलवायला गेल्या, तर तो म्हणाला, "मला काय काम तिकडं? दाढ्या सोडवायच्यात अजून." पण दुसऱ्या दिवशी तो बाजारात गेला, तेव्हा मागून कोणी ओरडले नाही.

पुढच्या प्रयोगाला विश्वासराव रंगायला बसला. बसण्याआधी त्याने समोरचा आरसा उचलून पालथा घातला, आणि डोळे मिटून घेतले.

तात्पर्य: ज्याला पदोपदी दगा दिसतो, त्याचा घात करायला वैरी लागत नाही; त्याचाच हात पुरतो.