कासारणीचा एक खण

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या आजोबांच्या आजोबांनाही ज्याचं नाव आठवत नसे, अशा एका राजाला सात बुरुजांचा किल्ला बांधायची हौस आली. राजाची हौस म्हणजे प्रजेची धावपळ. गावोगावचे गवंडी किल्ल्यावर गेले, सुतार गेले, भट्टीतला चुनाही गाड्या भरभरून तिकडेच गेला. उरलासुरला चुना चौपट भावाने विकला जाऊ लागला आणि सरळ लाकूड तर बघायलाही मिळेना.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. तिथे एक गवंडी तेवढा मागे राहिला होता. त्याचा एक पाय अधू, म्हणून किल्ल्यावरच्या मुकादमाने त्याला परत धाडलं होतं. काल ज्याला कोणी हाक मारत नव्हतं, त्याला आज घरोघरी पाट मांडून गूळपाणी मिळू लागलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय!

गवंडी माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त नाही म्हणता येत नसे. कोणी बोलावलं, की तो जायचा, छपरावरची कौलं भराभर उतरवायचा, भिंतीच्या खुंटीला आपली चुना लावायची थापी लटकवायचा आणि ‘उद्या येतो’ म्हणून निघायचा. त्या मुलखात रीत अशी होती, की जिथे गवंड्याची थापी लटकली तिथे दुसऱ्या कोणी कामाला हात लावायचा नाही, घरधन्यानेसुद्धा नाही. थापी दिसली, की लोक निश्चिंत होत. काम सुरू झालं, असं एकमेकांना सांगत आणि उघड्या छपराखाली झोपत. अशा नऊ घरांत नऊ थाप्या लटकत होत्या. दर वेळी नवी थापी घडवणाऱ्या गावातल्या लोहाराचं मात्र बरं चाललं होतं.

त्याच गावात एक विधवा कासारीण राहायची. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन आसपासची गावं फिरायची. घर पाच खणांचं. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण, आणि तिथली माणसं घर खणांनीच मोजत. तिच्या घराची मागची भिंत पोटाला फुगली होती आणि तुळयांची टोकं कुजली होती. तशात निरोप आला, की लेकीला सातवा महिना लागला. लेकीचं पहिलं बाळंतपण, सासरी सासू नाही, करणारं-सवरणारं कोणी नाही. ती माहेरीच येणार होती, तेही पौषातल्या थंडीत. पडायला आलेल्या भिंतीशेजारी बाळंतिणीची खाट टाकायची कशी, या काळजीने कासारणीला घास गोड लागेना.

गावच्या पाटलांनीही तेव्हाच घर दुरुस्तीला काढलं होतं; त्या नऊ घरांतलं एक ते. बारा खणांचं घर. चुना उद्या आणखी महागेल, तेव्हा एकदाच काय ते उरकून टाकू, असा त्यांचा हिशेब. बाराच्या बारा खण उघडे झाले, थापी लटकली आणि पाटलांचं कुटुंब गोठ्यात राहायला गेलं.

कासारणीने बोलावलं तेव्हा गवंडी आला. शिडी लावून वर चढला आणि पहिल्या कौलाला हात घालणार, तोच ती खालून म्हणाली, “दादा, थांबा. आज माझ्याकडे सामान किती खणांचं आहे?”

गवंड्याने कोपऱ्यातल्या ढिगाकडे पाहिलं. “एका खणाचं. तेही ओढूनताणून.”

“मग एकच खण उघडा. तो पुरा झाला, की दुसऱ्याचं बघू.”

“असं काम कोणी करतं का, बाई? पाच वेळा परांची बांधा, पाच वेळा सोडा. खर्च वाढेल तुमचा.”

“वाढू दे. चार खणांवर छप्पर तर राहील. आणि काम नसेल त्या दिवशी थापी इथे ठेवू नका, घरी न्या.”

थापी घरी न्या म्हणणं हा गवंड्याचा अपमान होता. तो शिडी उतरला आणि चालता झाला. गाव हसलं. पाटील म्हणाले, की मिळालेला गवंडी घालवणारी बाई आम्ही पहिल्यांदाच पाहिली. कासारणीलाही त्या दिवशी रडू आलं. पण रडून भिंत सरळ होत नाही, हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. परड्यातल्या पडक्या कुंपणाच्या विटा खरवडून काढल्या. चुना फक्त बाहेरच्या सांध्यांना पुरवायचा असं ठरवून आतल्या कामासाठी माती भुसा घालून आठ दिवस पायांनी तुडवली. फिरताना एका गावी मोडक्या घराची तुळई नुसती पडलेली दिसली. तुळईच्या मालकाकडे लग्न होतं. तिने सगळ्या वऱ्हाडणींचा चुडा भरला आणि बदल्यात तुळई गाडीत घालून आणली.

रोज सकाळी ती पाटलांच्या घरावरून जायची. एके दिवशी गवंडी तिथे दगडावर नुसता बसलेला दिसला. चुन्याची गाडी आली नव्हती आणि कधी येईल ते कोणालाच माहीत नव्हतं. कासारीण त्याला म्हणाली, “माझ्याकडे माती मळलेली आहे, विटा भिजवलेल्या आहेत, तुळईही आली आहे. बसून राहण्यापेक्षा चला.”

तो आला. राग अजून होताच, पण सामान असं हाताशी तयार त्याने कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. एक खण उघडला, भिंत उतरवून पुन्हा रचली, तुळई चढवली, कौलं शाकारली. पाचव्या दिवशी तो मागे सरकून भिंतीकडे बघत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, “बाई, वर्षभरात मी नऊ घरं उघडली. माझ्या हातून पुरं झालेलं हे पहिलंच काम.”

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. दिवसभर नऊ दारांतली बोलणी खाणाऱ्या माणसाला पुरं झालेलं काम किती गोड लागत असेल, याचा विचार गावात कोणी केलाच नव्हता. त्यानंतर कुठे सामान अडलं, की तो आपण होऊन कासारणीकडे येई. एका खणाचं सामान जमलं, की एक खण. पौष लागला तेव्हा तीन खण नवे झाले होते. उरलेले दोन टेकू देऊन उभे होते, जुने, पण डोक्यावर कौलं असलेले.

लेक आली. आणि तिच्या मागोमाग, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, आभाळ आलं. तीन दिवस गारांचा पाऊस कोसळला. पाटलांच्या बारा खणांच्या अर्धवट भिंती छपराविना भिजल्या आणि एकामागून एक बसल्या. गोठाही गळू लागला. तिसऱ्या दिवशी पाटील आपल्या थकल्या आईला घोंगडीत गुंडाळून कासारणीच्या दारात उभे राहिले. मागे हसलो होतो हे त्यांना आठवत होतं, म्हणून ते उंबऱ्याबाहेरच थांबले. कासारणीने विचारलंही नाही. दुसऱ्या खणात तिने म्हातारीसाठी अंथरूण घातलं आणि शेगडी पेटवली.

त्याच संध्याकाळी पहिल्या खणातून बाळाचं रडणं ऐकू आलं. भिंत कोरडी होती, वारा आत येत नव्हता, आणि मायलेकरं सुखरूप होती.

पाऊस थांबल्यावर पाटलांनी गवंड्याला बोलावून सांगितलं, “अकरा खण गवताने झाकून टाक. एक पुरा कर. मग बाकीचं.”

तात्पर्य : सामान महाग आणि हात थोडे असतील तेव्हा जेवढं पुरं करता येईल तेवढंच उघडावं, एक ना धड भाराभर चिंध्या करणाऱ्याला शेवटी दुसऱ्याच्या छपराखाली उभं राहावं लागतं.